आठवण ठेवायची म्हणजे काय करायचे?



आपल्यातला एखादा शेतकरी देवाघरी जातो. आयुष्यभर त्याने मळ्यात घाम गाळलेला असतो. सणाला चर्चचा मंडप बांधायला तो पहिला, मयताला खांदा द्यायला पहिला, कुणाच्या घरी आजारपण आले तर रात्री-अपरात्री धावून जाणाराही तोच. त्याच्या अंत्यविधीला चर्च भरून जाते. धर्मगुरू चार चांगले शब्द बोलतात. महिन्याची मिस्सा होते, वर्षाची मिस्सा होते. मग हळूहळू त्याचे नाव कबरीच्या फरशीपुरते उरते. कधी विषय निघालाच तर आपण म्हणतो, "देवमाणूस होता हो!" आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो.

"देवमाणूस" हा शब्द आपण मनापासून वापरतो. पण त्यात आपली एक सोयही असते. तो देवमाणूस आणि आपण साधी माणसे, असे एकदा ठरले की त्याने केले ते आपल्याला जमणार नाही, आणि जमले नाही म्हणून कुणी विचारणारही नाही. मग आपण त्याची आठवण ठेवली, की मान देऊन त्याला दूर ठेवले? चांगल्या माणसाची आठवण ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे?

या प्रश्नाचा विचार करताना ऑस्ट्रियातील एका शेतकऱ्याचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवू या. आज ख्रिस्तसभा त्याला 'धन्य' म्हणते; पण खुद्द त्याच्या गावाला त्याची आठवण कित्येक वर्षे जड गेली. त्याचे नाव फ्रान्झ येगरस्टेटर.

फ्रान्झचा जन्म २० मे १९०७ रोजी सांक्ट राडेगुंड या खेड्यात झाला. हे गाव ऑस्ट्रियाच्या वायव्य सीमेवर, साल्झाख नदीजवळ आहे. नदीपलीकडे जर्मनी. हिटलरचे जन्मगाव ब्राऊनाऊ हेही याच जिल्ह्यातले. फ्रान्झची आई शेतावर राबणारी अविवाहित मोलकरीण होती. लग्न करायला आईवडिलांकडे पैसा नव्हता. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. लहानग्या फ्रान्झला आजीने वाढवले. १९१७ साली आईने हाइनरिख येगरस्टेटर या शेतकऱ्याशी लग्न केले. त्याने फ्रान्झला दत्तक घेतले, आपले नाव दिले आणि पुढे आपले शेतही दिले.

तरुणपणी फ्रान्झ काही संत नव्हता. गावातल्या पोरांच्या मारामाऱ्यांत तो पुढे असे. गावात पहिली मोटारसायकल त्यानेच आणली. १९२७ ते १९३० या काळात तो आयझेनेर्त्स येथील लोखंडाच्या खाणीत मजुरीला होता. तिथल्या वातावरणात त्याची श्रद्धाही डळमळली. १९३३ साली त्याला लग्नाबाहेर एक मुलगी झाली. या मुलीला त्याने पुढे टाकून दिले नाही, तिच्याशी नाते ठेवले. पण झाले ते झाले होते.

हे मुद्दाम सांगितले, कारण माणूस गेल्यावर अशा गोष्टी आपण गाळतो. गाळण्यामागे प्रेमच असते. पण त्यामुळे हाती उरतो तो पुतळा. पुतळ्याकडून आपल्याला काही शिकता येत नाही. घसरलेला आणि सावरलेला माणूस मात्र आपल्याला आपला वाटतो.

१९३६ साली पवित्र गुरुवारी, ९ एप्रिल रोजी, फ्रान्झचे फ्रान्झिस्का श्वानिंगरशी लग्न झाले. दोघे रोमला जाऊन आली. हे लग्न म्हणजे त्याच्या आयुष्यातले खरे वळण. दोघे एकत्र प्रार्थना करू लागली, एकत्र पवित्र शास्त्र वाचू लागली. त्यांना तीन मुली झाल्या. शेत, गुरे, गवत, धान्य हा रोजचा रगाडा होताच; पण फ्रान्झ आता रोज मिस्सेला जाऊ लागला. हातातोंडाची गाठ पडायची त्या दिवसांतही तो गरिबांच्या घरी धान्य पोहोचवी.

१९४१ साली तो गावच्या चर्चचा सॅक्रिस्टन झाला. म्हणजे चर्च उघडायचे, घंटा वाजवायची, वेदीची तयारी करायची, मयताच्या वेळी सगळी व्यवस्था बघायची. आपल्या धर्मग्रामातही ही कामे कुणी ना कुणी करत असतो आणि काम अडेपर्यंत त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. अंत्यविधीच्या व्यवस्थेबद्दल लोक सॅक्रिस्टनला काही पैसे देत. फ्रान्झ ते घेत नसे. शोक करणाऱ्यांबरोबर आपणही शोक करायला उभे आहोत, असे तो मानी.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही मृत्युलेखात शोभली असती. कष्टाळू शेतकरी, प्रेमळ पती, तीन मुलींचा बाप, चर्चचा सेवक. पण फ्रान्झच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती लोकांना पचायला कठीण होती. त्याला "नाही" म्हणता येत होते.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. १० एप्रिलला त्यावर लोकांचा कौल घेण्यात आला. सांक्ट राडेगुंडमध्ये विरोधात मत देणारा फ्रान्झ एकटाच होता. पुढे गारपिटीने पिकाचे नुकसान झाले तेव्हा सरकारची मदत त्याने घेतली नाही. मुलांसाठी मिळणारा भत्ताही नाकारला. नाझी पक्षासाठी वर्गणी मागायला येणाऱ्यांना त्याने रिकाम्या हाताने परत पाठवले. ज्या राज्याला आपण अन्यायी मानतो त्याच्या ताटातले खायचे आणि वर त्याला नावे ठेवायची, हे त्याला पटत नव्हते.

१९४० साली त्याला सैन्यात बोलावले. तो गेला, शपथही घेतली. गावच्या सरपंचाच्या शब्दावर तो काही दिवसांत परत आला. पुन्हा बोलावणे आले. ऑक्टोबर १९४० ते एप्रिल १९४१ त्याने सैन्यात काढले. त्या काळात त्याने पुष्कळ पाहिले आणि ऐकले. मनोरुग्ण आणि अपंग माणसांना नाझी राजवट ठार मारत आहे, हेही त्याला कळले. घरी आल्यावर त्याने ठरवले की पुन्हा बोलावले तर हिटलरसाठी बंदूक उचलायची नाही.

हा निर्णय त्याने एकट्याच्या हट्टाने घेतला नाही. त्याने धर्मगुरूंना विचारले. लिंत्सच्या बिशपांना भेटून विचारले. बहुतेकांनी त्याला हेच सांगितले की तू बायकापोरांचा धनी आहेस, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे तुझे काम नाही, घराचा विचार कर. सल्ला देणारे वाईट नव्हते. त्यांना त्याचा जीव वाचवायचा होता. फ्रान्झने सगळ्यांचे ऐकून घेतले. पण आपल्या सद्सद्विवेकबुद्धीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही, हे त्याला कळून चुकले होते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये तिसरे बोलावणे आले. १ मार्चला तो एन्स येथील छावणीत गेला आणि लढणार नाही असे त्याने सांगितले. जखमींची सेवा करायला तो तयार होता. ते मान्य झाले नाही. आधी लिंत्सच्या आणि मग बर्लिनच्या टेगेल तुरुंगात त्याला ठेवले. ६ जुलै रोजी युद्ध न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद करण्यात आला. तो ३६ वर्षांचा होता. घरी पाच, चार आणि तीन वर्षांच्या तीन मुली होत्या.

आता आपण प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारला पाहिजे, कारण त्याच्या गावाने तो विचारला आणि आपणही विचारला असता. या माणसाने बायकोला आणि लेकरांना वाऱ्यावर सोडले नाही का? त्याच्या मरणाने युद्ध एक दिवसही लवकर संपले नाही. मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न हलका नाही. घर सांभाळणे हे बापाचे देवाने दिलेले कर्तव्य आहे. जो कुणी तत्त्वाच्या नावाखाली घराकडे पाठ फिरवतो, त्याला आपण सहसा शाबासकी देत नाही आणि देऊही नये. पण फ्रान्झने घराकडे पाठ फिरवली नव्हती. तुरुंगातून त्याने लिहिलेल्या पत्रांत शेतातल्या कामांची चौकशी आहे, मुलींची काळजी आहे, बायकोवरची माया आहे. त्याच्यासमोरचा प्रश्न वेगळा होता. आपल्या मुलींचे पोट भरावे म्हणून दुसऱ्या देशातल्या मुलींचे बाप मारायला जायचे का? कुटुंबाचे प्रेम हे पाप करण्याचा परवाना होऊ शकते का? त्याचे उत्तर होते, नाही. बापाने मुलांना भाकरी द्यावी, पण ती कुठून आली हे मुलांना सांगताना त्याची मान खाली जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

फ्रान्झिस्कानेही आधी त्याला परावृत्त करायचा प्रयत्न केला होता. मग तिने पाहिले की सगळे जण त्याच्याशी वाद घालत आहेत. आपणही साथ सोडली तर त्याला कुणीच उरणार नाही, हे तिला उमगले. ती त्याच्या बाजूने उभी राहिली. त्याच्या निर्णयाची किंमत तिने पुढे सत्तर वर्षे मोजली, हे आपण विसरू नये. फ्रान्झची आठवण सांगायची आणि तिची गाळायची, हा अन्याय होईल.

तुरुंगात घडलेली एक गोष्ट आपल्या मूळ प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. फ्रान्झला वाटत होते की असा नकार देणारा आपण जगात एकटेच. बर्लिनच्या तुरुंगातील धर्मगुरू फादर क्रॉइट्सबर्ग यांनी त्याला सांगितले की फादर फ्रान्झ रायनिश या धर्मगुरूंनीही हिटलरच्या नावे शपथ घ्यायला नकार दिला होता आणि ऑगस्ट १९४२ मध्ये, एक वर्षापूर्वी, ब्रांडेनबुर्ग येथेच त्यांना मृत्युदंड झाला. हे ऐकून फ्रान्झला मोठा दिलासा मिळाला. पाहा, एका मृत माणसाची आठवण कुणीतरी जपून ठेवली होती, म्हणून ती दुसऱ्याच्या सर्वांत अवघड घडीला कामी आली. मृतांविषयी खरे बोलण्याचा उपयोग हा असा, नेमक्या वेळी होतो.

युद्ध संपले. फ्रान्झची रक्षा धर्मभगिनींच्या हातून ऑस्ट्रियात आली आणि ९ ऑगस्ट १९४६ रोजी गावच्या चर्चच्या आवारात पुरण्यात आली. पण गावाने त्याला हार घातले नाहीत. घराघरातले मुलगे युद्धात मारले गेले होते, अपंग होऊन आले होते. फ्रान्झ बरोबर होता असे म्हटले, तर आमचा मुलगा कशासाठी मेला? या प्रश्नापुढे गाव गप्प झाले. त्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण आपल्या घरातले मयत असते तर आपण तरी वेगळे वागलो असतो का? काहींनी फ्रान्झ अतिरेकी होता असे म्हटले, काहींनी बायकोनेच त्याला धर्मवेडा केला असा तिला दोष दिला. गावचे पूर्वीचे धर्मगुरू फादर कारोबाट यांना फ्रान्झची गोष्ट लिंत्स धर्मप्रांताच्या पत्रकात छापायची होती. बिशपांनी परवानगी दिली नाही. सैनिकांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन फ्रान्झिस्काला १९५० सालापर्यंत नाकारण्यात आले.

मग त्या वर्षांत फ्रान्झची आठवण कुणी ठेवली? फ्रान्झिस्काने ठेवली. आणि कशी ठेवली? तिने शेत चालवले, सासूसह घर सांभाळले, तीन मुली वाढवल्या, पत्रे जपून ठेवली. शिवाय फ्रान्झचे चर्चमधले काम तिने आपल्या अंगावर घेतले. जी घंटा तो वाजवत होता ती ती वाजवू लागली. जी वेदी तो तयार करत होता ती ती तयार करू लागली. ज्या लोकांनी तिला बोल लावला होता त्यांच्याच मिस्सेसाठी, त्यांच्याच मयतासाठी ती चर्च उघडत राहिली. नवऱ्याच्या बाजूने ती लोकांशी भांडत बसली नाही. तिने त्याचे काम बंद पडू दिले नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांना आपली आठवण ठेवायला सांगितले, तेव्हा त्याने आपले गुणगान करायला सांगितले नाही. भाकर मोडून वाटली आणि हे करत राहा असे सांगितले. ख्रिस्ती माणसाच्या भाषेत स्मरण ही करायची गोष्ट आहे. दर रविवारी आपण वेदीभोवती जमतो ते त्यासाठीच. आणि याच प्रभूने, संदेष्ट्यांच्या सुंदर कबरी बांधून त्यांच्या शिकवणीकडे पाठ फिरवणाऱ्यांना कडक शब्दांत सुनावले होते.

पुढे ही आठवण गावाबाहेर गेली. गॉर्डन झान या अमेरिकन कॅथलिक समाजशास्त्रज्ञाने गावात येऊन लोकांशी बोलून फ्रान्झवर पुस्तक लिहिले. ते १९६४ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर फ्रान्झची गोष्ट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत पोहोचवण्यात ज्यांचा हात होता, त्यांचे नाव आपल्याला परके नाही. ते म्हणजे १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स. १९६५ साली त्यांनी आपल्या निवेदनातून या शेतकऱ्याचे उदाहरण परिषदेपुढे ठेवले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला जाहीर झालेल्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात, सद्सद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र उचलायला नकार देणाऱ्यांशी कायद्याने माणुसकीने वागावे, असे ख्रिस्तसभेने म्हटले. ज्या शेतकऱ्याला, हे ठरवणे तुझे काम नाही असे सांगितले गेले होते, त्याचा नकार अखेर ख्रिस्तसभेच्या विचाराला येऊन मिळाला.

१९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरवली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंत्सच्या महामंदिरात त्याला धन्य घोषित करण्यात आले. ९४ वर्षांची फ्रान्झिस्का त्या मिस्सेला हजर होती. वयाची शंभर वर्षे पूर्ण करून १६ मार्च २०१३ रोजी ती देवाघरी गेली. फ्रान्झचा सण २१ मे रोजी, त्याच्या स्नानसंस्काराच्या दिवशी, साजरा होतो.

आणि इथेच पुन्हा तो जुना धोका आहे. आता त्याची तसबीर वेदीवर आली. आता त्याला दूर ठेवणे अधिक सोपे झाले. मेणबत्ती लावली, नोव्हेना केला, काम संपले. हिटलर गेला, ते युद्ध संपले. आपल्याला कोण कशाला बोलावणार आहे?

बंधू-भगिनींनो, बोलावणे रोज येते, फक्त त्यावर शिक्का नसतो. जमिनीच्या व्यवहारात खोट्या कागदावर सही मागितली जाते. गावातल्या एखाद्या घराला वाळीत टाकायचे ठरते आणि आपण मान डोलवावी अशी अपेक्षा असते. मतासाठी पाकीट येते. "सगळेच करतात, तू एकट्याने नाही म्हणून काय होणार? पोराबाळांचा विचार कर," हे वाक्य आपल्याही कानावर पडते. त्या वेळी "नाही" म्हणण्याचे बळ एकाएकी कुठून येत नाही. फ्रान्झचा मोठा नकार अनेक लहान नकारांतून आणि लहान सेवांतून तयार झाला होता. न घेतलेला भत्ता, न घेतलेले अंत्यविधीचे पैसे, रोज वेळेवर वाजवलेली घंटा. ज्याला लहान गोष्टीत विकत घेता आले नाही, त्याला मोठ्या गोष्टीतही विकत घेता आले नाही.

आपल्या धर्मग्रामातही असे शेतकरी होऊन गेले. त्यांनी चर्चसाठी दगड-माती वाहिली, भांडणे मिटवली, पुराच्या वेळी लोकांना घरात घेतले. आणि त्यांच्यापैकी काहींनी कधीतरी एखाद्या बैठकीत उभे राहून सगळ्यांना न आवडणारे काही सांगितले असेल. मयताच्या वेळी आपण त्यांची सेवा सांगतो. तो नकार मात्र गाळतो, कारण तो आपल्यालाच दिलेला असतो. खरी आठवण ठेवायची तर तो नकारही सांगितला पाहिजे. मग भले आपली मान थोडी खाली जावो.

नोव्हेंबरमध्ये आपण कबरस्तानात जातो, फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो. ते जरूर करावे. पण या वर्षी कबरीपाशी उभे राहून आणखी एक गोष्ट स्वतःला विचारू या. हा माणूस गेल्यापासून त्याचे कोणते काम बंद पडले आहे? आजाऱ्याच्या घरी जाणे, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस, मयताच्या घरी रात्र जागणे, सभेत खरे बोलणे, की चर्चचे दार वेळेवर उघडणे? त्यातले एक काम, आपल्या कुवतीप्रमाणे, आपण उचलू या. त्याला "देवमाणूस" म्हणायचे राहून गेले तरी चालेल.